कॅलिफोर्नियातील डिसॅबिलिटी विमा आणि बेकारी भत्ता: कोणाला, किती आणि केव्हा?

अबोली_सनीव्हेल

नमस्कार मंडळी. मी जानेवारीत टेक्सासहून कॅलिफोर्नियात आले आणि 6 जानेवारी 2025 रोजी येथील कंपनीत रुजू झाले. एच-1बी या कामाच्या व्हिसावर आहे. 15 नोव्हेंबर ही प्रसूतीची अपेक्षित तारीख आहे आणि नेमकी याच सुमारास आमच्या विभागात कर्मचारी कपात होणार असल्याची कुजबुज सुरू झाली आहे. माझ्या पगारातून दर वेळी 'सीए एसडीआय' या नावाने बरीच रक्कम कापली जाते, परंतु तिच्या बदल्यात काय मिळते हे मला कोणी नीट सांगू शकलेले नाही. एचआरने एक दुवा पाठवून हात झटकले. प्रसूतीच्या रजेत राज्याकडून पैसे मिळतात का, रजेवर असताना नोकरी गेली तर ते थांबतात का आणि एच-1बी असताना बेकारी भत्ता मागता येतो का, हे जाणून घ्यायचे आहे. टेक्सासमध्ये अशी कपात नव्हती, त्यामुळे हा प्रकार मला पूर्णपणे नवीन आहे.

डॅलसचा_मामा

टेक्सासमध्ये कपात नव्हती, कारण तेथे राज्याचा असा डिसॅबिलिटी विमाच नाही. आमच्याकडे माणसाने आजारी पडण्यापूर्वी स्वतःच्या बँक खात्याची परवानगी घ्यायची असते. वाचतो आहे.

त्रिज्या

अबोली, प्रथम अभिनंदन. दोन्ही योजना ईडीडी, म्हणजे राज्याच्या रोजगार विकास खात्याकडे आहेत आणि दोन्हींचे अर्ज एकाच संकेतस्थळावरून होतात, त्यामुळे लोक त्यांची सरमिसळ करतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मूळ अटी एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध आहेत. डिसॅबिलिटी विमा मिळण्यासाठी डॉक्टरने लिहून द्यावे लागते की ही व्यक्ती सध्या आपले नेहमीचे काम करू शकत नाही. बेकारी भत्त्यासाठी तुम्हालाच दर दोन आठवड्यांनी लिहून द्यावे लागते की मी काम करण्यास सक्षम आहे, उपलब्ध आहे आणि काम शोधतो आहे. त्यामुळे एकाच दिवसासाठी दोन्ही मिळणे शक्य नसते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका फरकातून निघतात.

पैसा कोणाचा, हेही वेगळे आहे. एसडीआयचा, म्हणजे राज्याच्या डिसॅबिलिटी विम्याचा, हप्ता पूर्णपणे कर्मचारी भरतो. 2025 मध्ये तो पगाराच्या 1.2 टक्के होता आणि 1 जानेवारी 2024 पासून त्याला पगाराची कमाल मर्यादा उरलेली नाही. बेकारी विम्याचा हप्ता मात्र मालक भरतो आणि तोही प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षातील पहिल्या 7,000 डॉलरवरच. तुमच्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, बेकारी विम्याची ओळ दिसत नाही ती यामुळेच.

हिशेबनीस

त्रिज्या यांच्या प्रतिसादाला हिशेबाची जोड देतो. 2023 मध्ये 1,53,164 डॉलरपर्यंतच्या पगारावर 0.9 टक्के हप्ता होता, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त 1,378 डॉलर आणि काही सेंट. मर्यादा उठल्यावर, वर्षाला 1,80,000 डॉलर मिळवणाऱ्याचे 2025 मध्ये 2,160 डॉलर गेले. आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर, खुले झाले की त्या रकमेवरही ही कपात होते, हे अनेकांना वर्षअखेरीस कळते आणि मग ते माझ्यासारख्या माणसाला रात्री फोन करतात.

परतावा असा आहे. 1 जानेवारी 2025 पासून कमी पगार असणाऱ्यांना पगाराच्या 90 टक्के आणि इतरांना 70 टक्के रक्कम मिळते. परंतु 2025 मध्ये ती आठवड्याला 1,681 डॉलरच्या वर जात नव्हती. वरच्या उदाहरणातील माणसाचा आठवड्याचा पगार सुमारे 3,460 डॉलर आहे, त्याचे 70 टक्के 2,420 च्या आसपास जातात आणि हातात 1,681 पडतात. थोडक्यात, हप्त्याला कमाल मर्यादा नाही पण लाभाला आहे. यातून मिळणारे न्याय-अन्यायाचे समाधान ज्याने त्याने आपापल्या पगाराप्रमाणे घ्यावे.

फ्रीमाँटची_काकू

अबोली, पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. सर्वसाधारण गरोदरपणात अपेक्षित तारखेच्या आधीचे चार आठवडे आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे, सिझेरियन असेल तर आठ आठवडे, हा काळ डिसॅबिलिटीत धरला जातो. काही गुंतागुंत झाली आणि डॉक्टरने मुदत वाढवून दिली तर तो आणखी वाढतो. पहिल्या सात दिवसांचे पैसे मिळत नाहीत. त्यानंतर बाळासोबत राहण्यासाठी पालकत्व रजेचे आठ आठवडे मिळतात आणि त्यासाठी पुन्हा सात दिवस थांबावे लागत नाही. डिसॅबिलिटीचा शेवटचा हप्ता आला की त्या अर्जाचा फॉर्म खात्यातच येतो. बाळाच्या वडिलांनाही स्वतःच्या हप्त्यावर हे आठ आठवडे मिळतात. पहिल्या वर्षात केव्हाही, तुकड्या-तुकड्यांनीही घेता येतात. आपल्याकडचे पुष्कळ बाबा ते घेत नाहीत, कारण 'टीममध्ये बरे दिसत नाही'. त्यांनी बरे दिसण्याची किंमत आठ गुणिले आठवड्याचा भत्ता अशी मोजून पाहावी.

घाटवाट

माझे मत थोडे वेगळे आहे. आपण या देशात पाहुणे आहोत. चांगला पगार घेतो. अशा वेळी राज्यापुढे हात पसरणे मला पटत नाही. शिवाय पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हे सारे निघते असे ऐकले आहे.

हिशेबनीस

घाटवाट, आपण गाडीचा विमा काढला आणि गाडी ठोकली गेली तर विमा कंपनीपुढे हात पसरला असे म्हणत नाही. येथे तर सगळा हप्ता तुमच्याच पगारातून गेलेला आहे. गरजूंना मिळणारी रोख मदत आणि हप्ते भरून कमावलेला विमा या भिन्न गोष्टी आहेत, आणि ग्रीन कार्डच्या संदर्भात जो 'सरकारवर भार' होण्याचा मुद्दा निघतो त्यात हा विमा मोजला जात नाही.

घाटवाट

हप्ता आपलाच असतो हे वरच्या प्रतिसादांतून समजले. तो मुद्दा मान्य. परंतु बेकारी भत्त्याचे काय? तो आपण भरलेला नसतो. आणि एच-1बीवर तो मिळतच नाही असेही नाही, कारण माझ्या एका मित्राला दुसऱ्या राज्यात मिळाला होता.

त्रिज्या

मिळाला होता आणि मिळायला हवा होता, यात अंतर आहे. एच-1बी हा एका विशिष्ट मालकाकडे काम करण्याचा परवाना आहे. नोकरी गेली की नवीन मालकाने अर्ज दाखल करेपर्यंत तुम्हाला कोणाकडेही काम करता येत नाही. मिळतात ते जास्तीत जास्त 60 दिवस, ज्यांत नवा मालक शोधायचा, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा परत जायचे. 'उद्या काम मिळाले तर तुम्ही ते कायद्याने करू शकता का', या प्रश्नाला अशा वेळी प्रामाणिक उत्तर 'नाही' हेच असते आणि तेथेच बेकारी भत्त्याची पात्रता संपते. दर दोन आठवड्यांचे ते प्रमाणपत्र भरताना चुकीची माहिती दिली तर ईडीडी मूळ रक्कम तर परत मागतेच, वर 30 टक्के दंड लावते. व्हिसावर असलेल्या माणसाने असली नोंद आपल्या नावावर घेऊ नये.

डिसॅबिलिटीला हे लागू होत नाही, कारण तेथे 'काम करू शकता का' याचे उत्तर वैद्यकीय कारणाने 'नाही' असणे हीच अट आहे. ईडीडी तेथे नागरिकत्व किंवा व्हिसाची स्थिती विचारात घेत नाही. तेव्हा एच-1बीधारकाला एक मिळते आणि दुसरे मिळत नाही, यात विसंगती नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीची माहिती देतो, कारण या धाग्यावर आमचेही बरेच लोक येतील. आमच्याकडे तात्पुरत्या डिसॅबिलिटीत पगाराच्या 85 टक्के मिळतात, 2025 मध्ये आठवड्याला कमाल 1,081 डॉलर, आणि तेही 26 आठवड्यांपर्यंत. कॅलिफोर्नियात हीच मुदत 52 आठवडे आहे. बेकारी भत्ता मात्र आमच्याकडे 2025 मध्ये 875 डॉलरपर्यंत जात होता. आणखी एक फरक असा की आमच्या पगारातून बेकारी विम्याचाही हप्ता कापला जातो. डिसॅबिलिटीच्या अशा जुन्या योजना असलेली राज्ये मोजकीच आहेत. ऱ्होड आयलंडने 1942 मध्ये सुरुवात केली, कॅलिफोर्निया 1946 मध्ये आले, आम्ही 1948 मध्ये आणि न्यूयॉर्क 1949 मध्ये. कॅलिफोर्नियाचा बेकारी भत्ता किती आहे?

हिशेबनीस

आठवड्याला 40 ते 450 डॉलर. आकडा छापताना शून्य गळालेले नाही. 450 ही मर्यादा 2005 पासून तीच आहे. एका तिमाहीत सुमारे 11,700 डॉलर मिळवले की माणूस त्या छतापर्यंत पोहोचतो, त्यामुळे गोदामात काम करणारा आणि गूढ पदनामाचा संचालक दोघेही रांगेत 450 वरच उभे असतात. 26 आठवड्यांची कमाल मुदत धरली तरी एकूण 11,700 डॉलर होतात, जे या भागातील काही महिन्यांच्या घरभाड्यातच संपतात.

दिवाणखाना

म्हणजे नोकरी गेली तर 450 आणि पाय मोडला तर 1,681! मग कपातीच्या यादीत नाव आले की जिन्यावरून जरा बेसावध उतरावे, असा सल्ला समजायचा का?

त्रिज्या

विनोद बाजूला ठेवला तरी यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. बेकारी भत्ता घेत असताना माणूस खरोखरच आजारी पडला तर काय? दर दोन आठवड्यांच्या प्रमाणपत्रात एक प्रश्न असतो की आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे काम करणे अशक्य होते का. तेथे 'होय' लिहिले की त्या दिवसांचा बेकारी भत्ता कापला जातो. आजार आठवड्याहून अधिक लांबला तर त्याच वेळी डिसॅबिलिटीचा अर्ज करता येतो, कारण कायदा 'नोकरीत होता किंवा काम शोधत होता' अशा दोघांनाही पात्र धरतो. बरे झाल्यावर पुन्हा बेकारी भत्त्याकडे यायचे. लोक भीतीपोटी 'नाही' लिहितात, म्हणजे खोटेही लिहितात आणि जास्तीचे पैसेही सोडतात.

आठवड्याच्या रकमेत एवढी तफावत का, याचे कारण निधीत आहे. एसडीआयमध्ये पूर्ण पगारावर हप्ता येतो. बेकारी निधीत 7,000 डॉलरपर्यंतच्याच पगारावर येतो. तो निधी करोनाच्या काळात आटला आणि राज्यावर केंद्र सरकारचे सुमारे 20 अब्ज डॉलरचे कर्ज झाले. भत्ता वाढवण्याची चर्चा निघाली की ती येथेच अडते.

हिशेबनीस

यात एक कराची मेख आहे. एरवी डिसॅबिलिटीच्या रकमेवर ना केंद्राचा कर लागतो ना राज्याचा. पण ती बेकारी भत्त्याच्या जागी मिळालेली असेल, जसे वरच्या उदाहरणात आहे, तर त्या भागावर केंद्राचा कर लागतो आणि 1099-जी हा करपात्र रकमेची नोंद देणारा फॉर्म येतो. बेकारी भत्ता आणि पालकत्व रजेची रक्कम यांवरही केंद्राचा कर आहे, कॅलिफोर्नियाचा नाही. बेकारी भत्त्यातून केंद्राचा 10 टक्के कर आधीच कापून घेण्याची सोय आहे, ती निवडलेली बरी.

पिंपरीवाला

अवांतर होते आहे, तरी लिहितो. आमच्याकडे भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेत या दोन्ही गोष्टी आहेत. आजारपणात 70 टक्के मजुरी वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते, आणि नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली मजुरीच्या 50 टक्के रक्कम 90 दिवसांपर्यंत, तीही आयुष्यात एकदाच. कामगाराचा हप्ता 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के. परंतु महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच ही योजना लागू आहे. चाकण, भोसरीतील कंत्राटी कामगाराला तिचा आधार असतो आणि हिंजवडीतील अभियंत्याला काहीच नसते, हे बाहेरच्यांना ऐकून खरे वाटत नाही.

एडिसनकर

पिंपरीवाला, या माहितीबद्दल आभार. याच संदर्भात आठवण झाली म्हणून सांगतो की आम्ही येथे केंद्राच्या सोशल सिक्युरिटीचेही, म्हणजे निवृत्तिवेतन योजनेचेही, हप्ते भरतो आणि भारत-अमेरिका यांच्यात त्याबाबत करार नाही. पुरेसे हप्ते न भरता परत गेलेल्या माणसाचे ते पैसे येथेच राहतात. आणि त्या केंद्रीय योजनेतील डिसॅबिलिटी वेगळी. तेथे आजार किमान बारा महिने टिकणारा असावा लागतो. राज्याच्या योजनेत तशी अट नाही.

नर्मदाकाठ

एक अनुभव सांगते, कारण येथे सारी चर्चा पात्रतेवर चालली आहे आणि प्रत्यक्षात घोडे अडते ते कागदावर. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. यजमानांची नोकरी गेली तेव्हा त्यांच्या कंपनीने एक करारपत्र पुढे केले. त्यात मोठी रक्कम होती आणि मध्ये कोठेतरी 'कर्मचारी स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असे एक वाक्य होते. यांनी रक्कम पाहून सही केली. बेकारी भत्त्याचा अर्ज गेल्यावर ईडीडीने कंपनीकडे विचारणा केली, कंपनीने राजीनामा असे कळवले आणि अर्ज फेटाळला गेला, कारण सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही.

नकाराच्या पत्रावरील तारखेपासून 30 दिवसांत अपील करता येते. ते यांनी केले आणि फोनवरून सुनावणी झाली. न्यायाधीशांनी विचारले की सही केली नसती तर सोमवारी कामावर येता आले असते का. यांनी सांगितले की कार्यालयात प्रवेशाचा बॅज आदल्या दिवशीच बंद झाला होता, आणि तो बंद झाल्याचा ईमेल वाचून दाखवला. निकाल आमच्या बाजूने लागला. तेव्हा असे ईमेल लॅपटॉप परत करण्यापूर्वी, कंपनीच्या नियमांत बसते तेवढे, स्वतःकडे ठेवावेत. आणि अपील चालू असतानाही दर दोन आठवड्यांचे प्रमाणपत्र भरत राहावे, नाहीतर जिंकल्यावरही त्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत.

दिवाणखाना

बॅजच्या ईमेलची नोंद घेतली. जिन्याबद्दलचा माझा प्रस्ताव मागे घेतो.

घाटवाट

नर्मदाकाठ, कंपनीकडून जी मोठी रक्कम मिळाली तिच्यामुळे भत्ता कमी झाला नाही का?

नर्मदाकाठ

नाही. कॅलिफोर्नियात नोकरी संपताना दिलेली अशी रक्कम साधारणपणे त्या आठवड्यांची मजुरी धरली जात नाही, आणि शिल्लक सुट्ट्यांचे पैसेही आड येत नाहीत. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, त्यामुळे तेथील लोकांनी आपल्या राज्याचे पाहावे. अर्ज मात्र नोकरी गेली त्याच आठवड्यात करावा. मागील तारखेपासून लाभ मिळवणे सोपे नसते.

फ्रीमाँटची_काकू

आता पुन्हा अबोलीकडे वळू या, कारण तिच्या तारखा मी कागदावर मांडून पाहिल्या. अपेक्षित तारखेच्या चार आठवडे आधी म्हणजे 18 ऑक्टोबर. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात सुरू होणाऱ्या अर्जासाठी 1 जुलै 2024 ते 30 जून 2025 या बारा महिन्यांची कॅलिफोर्नियातील कमाई पाहतात. तुझी त्यात जानेवारी ते जून एवढीच कमाई येते, कारण टेक्सासमध्ये हप्ता भरलेला नाही. घाबरू नकोस, आठवड्याची रक्कम सर्वाधिक कमाईच्या तिमाहीवरून ठरते, बाराही महिन्यांच्या सरासरीवरून नव्हे. एका पूर्ण तिमाहीने काम भागते.

दुसरे, पैसे मिळणे आणि नोकरी राखून ठेवली जाणे हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. एसडीआय नोकरीची हमी देत नाही. गरोदरपणाच्या रजेचा राज्याचा कायदा ती हमी चार महिन्यांपर्यंत देतो आणि त्यासाठी नोकरी किती जुनी आहे हे पाहत नाही. पालकत्वाच्या रजेत नोकरीची हमी मिळण्यासाठी मात्र त्या मालकाकडे बारा महिने आणि 1,250 तास झालेले असावे लागतात. प्रसूती ठरल्या दिवशी नैसर्गिकरीत्या झाली तर तुझे सहा आठवडे 27 डिसेंबरला संपतात आणि बारा महिने 6 जानेवारीला पूर्ण होतात. मधल्या दहा दिवसांची सोय शिल्लक सुट्टीतून किंवा कंपनीशी बोलून आधीच लेखी करून ठेव. सिझेरियन झाले तर मुदत 10 जानेवारीपर्यंत जाते आणि हा प्रश्नच उरत नाही.

त्रिज्या

काकूंच्या प्रतिसादात भर म्हणून दोन गोष्टी. गरोदर म्हणून कपातीतून सूट मिळत नाही. तुम्ही रजेवर नसता तरी जी जागा गेलीच असती, ती रजेवर असतानाही जाऊ शकते. तसे झाले तरी डॉक्टरने दिलेल्या मुदतीपर्यंत डिसॅबिलिटीचे पैसे चालू राहतात, कारण ते नोकरीवर नव्हे तर आधीच्या कमाईवर आणि तब्येतीवर अवलंबून आहेत. परंतु व्हिसाचे 60 दिवस त्यासाठी थांबत नाहीत. यजमान वेगळ्या कंपनीत एच-1बीवर असतील तर एच-4 या जोडीदाराच्या व्हिसात बदल करून घेता येतो, आणि त्यांचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला अर्ज, मंजूर असेल तर ईएडी या काम करण्याच्या परवान्यासाठीही अर्ज करता येतो. ईएडी हातात आल्यावर कोणाकडेही काम करण्याची मोकळीक मिळते आणि तेव्हा तुमच्यासाठी बेकारी भत्त्याचे दारही उघडते.

अबोली_सनीव्हेल

सर्वांचे मनापासून आभार. यजमान दुसऱ्या कंपनीत आहेत आणि त्यांचा आय-140 मंजूर आहे, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी खुला आहे. आज पे-स्टब पुन्हा नीट पाहिली तर जुलैपासून 'सीए एसडीआय'च्या जागी 'व्हीपीडीआय' असे लिहिलेले दिसते आहे. हे काय आहे?

हिशेबनीस

बरे झाले पाहिलेत. तुमच्या कंपनीने राज्याच्या योजनेऐवजी स्वतःची ऐच्छिक योजना सुरू केली आहे. येथील अनेक मोठ्या कंपन्या तसे करतात. कायद्याने ती राज्याच्या योजनेइतकी असून किमान एका बाबतीत सरस असावी लागते आणि हप्ता राज्याहून जास्त घेता येत नाही. अर्ज मात्र ईडीडीकडे न करता कंपनीने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे करायचा असतो. एचआरकडून आता त्या व्यवस्थापकाचे नाव आणि योजनेचे पत्रक लेखी मागून घ्या.

फ्रीमाँटची_काकू

आणि मुदती त्याच पत्रकात पाहून घे. राज्याच्या योजनेत डिसॅबिलिटी सुरू झाल्यापासून नवव्या दिवसाआधी अर्ज करता येत नाही आणि 49 व्या दिवसानंतर गेला तर उशिराचे कारण द्यावे लागते. डॉक्टरचा भागही त्याच मुदतीत पोहोचावा लागतो. आपण आपला भाग भरल्यावर मिळणारा पावती क्रमांक दवाखान्याला कळवला नाही, तर दोन्ही कागद वेगवेगळे पडून राहतात. ऑक्टोबरच्या तपासणीला जाशील तेव्हा हे काम कोणाकडे असते ते तेथील खिडकीवर विचारून ठेव.

डॅलसचा_मामा

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे. आमच्या सौंना दाखवला तर त्या कॅलिफोर्नियाला जाऊ म्हणतात. त्यांना आधी तेथील घरभाडे दाखवतो.